तहकूब काका

आमच्या समोरच्या घरातल्या खानविलकर काकांना लग्नाची पत्रिका द्या, बारशाचं आमंत्रण द्या, नाहीतर दातांच्या डॉक्टरचा मेसेज दाखवा, त्यांचा पहिला प्रश्न एकच असतो. "तारीख कोणी ठरवली?"

काय आहे, कुठे आहे, जेवायला काय आहे, हे सगळं नंतर. आधी तारीख. ती ठरवणाऱ्याचं नाव कळलं की चष्मा कपाळावर चढवून म्हणणार, "हं. म्हणजे असं आहे तर." माझ्या मुलीच्या, आर्याच्या वाढदिवसाला बोलवायला गेले तेव्हाही हेच. मी म्हटलं, "काका, तारीख तिने जन्मतःच ठरवलीय." त्यावर म्हणाले, "मेधा, वाढदिवस बुधवारी आहे. पार्टी तू शनिवारी चारला ठेवलीस. शनिवारी चारला मॅच आहे. म्हणजे बाप्ये घरी बसणार, बायका-मुलं तेवढी येणार, आणि खर्च निम्मा. हुशार आहेस."

मला इतका राग आला म्हणून सांगू. राग यायचं मुख्य कारण म्हणजे ते खरं होतं.

सिडनीजवळच्या टूनगॅबीच्या आमच्या गल्लीत मराठी घरं बरीच आहेत. त्यातले बहुतेक सगळे आयटीवाले, सकाळी लॅपटॉप पाठीला लावून स्टेशनकडे पळणारे. खानविलकर काका त्यांच्यात एकटेच रिटायर्ड. उंच, काटकुळे, अंगात बाराही महिने फुल शर्ट, खिशाला पेन, आणि खाली हाफ पॅंट. वरून सभेला निघालेला आणि खालून बीचवर निघालेला माणूस दिसतो तसे दिसतात. मुलगा मेलबर्नला, पॉइंट कुकमध्ये. तो वर्षातून एकदा येतो, आणि आला की त्यालाही विचारतात, तिकिटाची तारीख कोणी ठरवली.

"मजकूर वाचू नका, तारीख वाचा," हे त्यांचं ब्रीदवाक्य. "मजकूर वकील लिहितो. तारीख मालक ठरवतो."

हे ज्ञान त्यांना कुठून मिळालं, ते त्यांनी लपवलेलं नाही. उलट ज्याला-त्याला ऐकवतात. सिडनीला येण्याआधी ते डोंबिवलीत त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते, आणि मेंटेनन्स वाढवायचा असला की वार्षिक सभा गौरीजेवणाच्या दिवशी दुपारी तीन वाजता ठेवायचे. नोटीस नियमाप्रमाणे लागलेली, लिफ्टशेजारच्या फळ्यावर, ठळक अक्षरांत. पण गौरीच्या दिवशी दुपारी तीनला पुरणपोळी खाऊन उभं राहण्याच्या स्थितीत कोण असतं? तीन वाजता गणसंख्या नाही. सभा तहकूब. साडेतीनला त्याच जागी तहकूब सभा सुरू, आणि तहकूब सभेला गणसंख्येची अट नसते. चार डुलक्या घेणारे सभासद, पाचवे काका. मेंटेनन्सवाढ सर्वानुमते मंजूर.

"भांडण झालं? नाही झालं. गच्ची गळायची थांबली? थांबली," असं म्हणून ते टाळी मागतात. यावरून पोरांनी त्यांचं नाव 'तहकूब काका' ठेवलं. आर्या तर तोंडावर म्हणते, "हाय, तहकूब काका," आणि ते खूश होतात.

काकू मात्र कधी कशात नसायच्या. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात काका एकटेच. विचारलं तर म्हणायचे, "ही लायब्ररीत असते. ड्युटीवर." ते आम्ही बघतही होतो. रोज सकाळी साडेनऊच्या सुमाराला काकू इस्त्रीची कॉटनची साडी, त्यावर राखाडी कार्डिगन, हातात डब्याची पिशवी अशा गाडीत बसायच्या, आणि काका त्यांना सोडायला जायचे. लायब्ररी म्हणजे दुकानांच्या ओळीच्या टोकाची छोटी शाखा. एक खोली, एक फोटोकॉपी मशीन, पेपर वाचत बसलेले चार म्हातारे. मी फाटकातून हात केला तर काकू छान हसायच्या. बोलायच्या नाहीत. मला वाटायचं, नोकरी करणारी बाई आहे, सकाळची घाई असेल.

तर गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला आमच्या कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, जाहीर केलं की घरपट्टी, म्हणजे ज्याला इथे रेट्स म्हणतात ती, नेहमीपेक्षा जास्त वाढवायचा विचार आहे. वाढवली तर ही छोटी लायब्ररी चालू राहील. नाही वाढवली तर जूनअखेर बंद. निर्णय लोकांनीच करावा, म्हणून घरमालकांचा कौल टपालाने घेतला जाईल. एका घराला एक मत. पाकिटं ख्रिसमसच्या आठवड्यात निघतील, आणि सही करून जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत परत पोचली पाहिजेत.

मी हे वाचून बाजूला ठेवलं होतं. काका हातात तोच कागद घेऊन रस्ता ओलांडून आले. चष्मा आधीच कपाळावर.

"मेधा, ही गौरीजेवणाची सभा आहे," ते म्हणाले.

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डिसेंबरच्या मध्यावर शाळा सुटल्या की आमची अख्खी गल्ली इंडियाला जाते ती जानेवारीच्या शेवटी येते. आमचीच नाही, शेजारचे तमिळ, पलीकडचे पंजाबी, सगळे. जे गोरे शेजारी राहतात ते तंबू घेऊन समुद्रावर. त्या सहा आठवड्यांत आमच्या गल्लीत मॅगपाय पक्षी आणि खानविलकर काका, याशिवाय कोणी नसतं. आणि नेमका तेव्हा कौल! आमची घरं, आमची पट्टी, आणि विचारणार कधी, तर घराला कुलूप असताना. मी स्वतः तेव्हा वाढीच्या विरोधात होते, आमच्या घराचा हप्ता ऐकलात तर तुम्हीही व्हाल. पण माझा 'नाही'सुद्धा मला द्यायचा होता की. तोही कुलपात जाणार म्हटल्यावर माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"मीटिंगला चल," काका म्हणाले. "सूचक मी, अनुमोदक तू."

कौन्सिलच्या मीटिंगमध्ये नागरिकांना तीन मिनिटं बोलू देतात. काका माइकसमोर उभे राहिले. एक हात पाठीमागे, दुसऱ्यात पेन. "मॅडम, आय ॲम नॉट आस्किंग व्हाय. आय ॲम आस्किंग, हू फिक्स्ड द डेट?"

समोरची अधिकारी बाई अगदी गोड हसली. म्हणाली की टायमिंग हे प्रोसेसमधून आलेलं आहे.

"प्रोसेस हॅज नो कॅलेंडर, मॅडम," काका म्हणाले. "समबडी ओपन्ड अ कॅलेंडर."

बाई आणखी गोड हसली. सुट्टीत लोक घरी असतात, कागदपत्रं वाचायला त्यांना निवांत वेळ मिळतो, असं तिचं म्हणणं पडलं. निवांत वेळ! मी माझ्या जागेवर धुमसत होते. तेवढ्यात काका मागे वळून म्हणाले, "अनुमोदन." मी उठले आणि "आय सेकंड इट" म्हणून बसले. तिथे अनुमोदन द्यायची पद्धत नव्हती, आणि द्यायला ठरावही नव्हता. सगळं सभागृह माझ्याकडे बघत राहिलं. तारखेचं काही झालं नाही.

मग काकांनी गल्लीत मोहीम सुरू केली. मत काहीही द्या, पण द्या. पाकीट लवकर मागून घ्या. कौन्सिलला फोन करा. एकाने तरी केला असेल तर शपथ. आणि आपल्या लोकांचं एक वैशिष्ट्य असतं, फोन करायचा कंटाळा, पण तर्क लढवायला चोवीस तास मोकळे. माझा नवरा निलेशच पहिला म्हणाला, "त्यांचं काय जातंय? काकूंची नोकरी वाचते." मंडळाचा अध्यक्ष मंदार, राहणार केलीव्हिल, म्हणजे दुसऱ्या कौन्सिलात, ज्याच्या पट्टीशी याचा काडीचा संबंध नाही, तो म्हणाला, "सिंपल आहे रे. रेट्स आपण भरायचे आणि सॅलरी काकूंना." दिवाळीच्या फराळाला हे तीनदा ऐकलं. मीही "हो ना" म्हटलं. मग मला काकांचाच राग यायला लागला. इतकी तत्त्वाची भाषा, तारीख अन् प्रोसेस, आणि आत बघावं तर बायकोचा पगार.

डिसेंबर आला. विमानं भरली. दर वर्षीप्रमाणे सगळ्यांनी घराच्या किल्ल्या काकांकडे दिल्या, कारण तुळशीला पाणी घालणं, लेटरबॉक्स रिकामा करणं, कचऱ्याचा लाल झाकणाचा बिन बाहेर काढणं, हे सगळं तेच करतात. ज्यांच्या पाठीमागे त्यांची टवाळी केली त्यांच्याच हातात घर सोपवून निघताना कोणाला काही वाटलं नाही. मलाही नाही. किल्ली देताना मी टॅक्सीच्या घाईत होते. ते म्हणाले, "पाकीट आलं की जपून ठेवतो," आणि मी म्हटलं, "हो, थँक्यू काका."

पुण्यात भावाच्या लग्नाची गडबड होती. हळदीच्या दिवशी मला पाकिटाची आठवण झाली आणि मी काकांना फोन लावला.

"आलंय," ते म्हणाले. "तुमचं आलं, सगळ्यांची आली. आमच्या जेवणाच्या टेबलावर गठ्ठा आहे. आम्ही मांडीवर ताट घेऊन जेवतोय."

"मग काका, आमचं उघडा. 'नाही'वर खूण करा आणि माझी सही ठोकून टाका ना. कोण बघतंय?"

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मेधा, मी तहकूब सभा घेतल्या. दुसऱ्याची सही कधी केली नाही. तू ये आणि तूच कर, जी खूण करायची ती."

म्हणजे बघा, सगळ्या गल्लीची मतं या माणसाच्या टेबलावर पडली होती. एकेक पाकीट उघडायचं आणि 'हो'वर खूण करायची, इतकंच काम. तरी त्यांनी हात लावला नाही. तेव्हा मला ते कळलं नाही. मला वाटलं, मी 'नाही'वर खूण करा म्हटलं म्हणून टाळतायत.

निलेशची रजा संपत होती म्हणून आम्ही इतरांच्या आधी परतलो. जानेवारीचा दुसरा आठवडा, डांबर वितळेल असं ऊन, आणि काकांच्या दाराला कुलूप. फोन केला तर म्हणाले, "लायब्ररीत आहे. किल्ली इथेच आहे, ये." बॅगा आणि आर्याला निलेशच्या स्वाधीन करून मी गेले.

आत एसीचा गारवा होता. कोपऱ्यात, परत आलेल्या पुस्तकांच्या ट्रॉलीशेजारी, एका खुर्चीवर काकू बसल्या होत्या. साडी चापूनचोपून, डब्याची पिशवी पायाशी. एकेक पुस्तक उचलायच्या, पदराने पुसायच्या, उलटून बघायच्या आणि गठ्ठ्यावर ठेवायच्या. गठ्ठे कशाचे होते ते सांगता येत नाही. स्वयंपाकाच्या पुस्तकावर मुलांचं डायनासोरचं, त्यावर कायद्याचं. एक तरुण गोरी मुलगी, तिथली लायब्रेरियन, मधूनच यायची, "थँक यू, मिसेस के" म्हणायची, एक गठ्ठा उचलायची आणि काउंटरच्या पलीकडे नेऊन पुन्हा नीट लावायची. काकूंना दिसणार नाही अशा बेताने.

काका दाराजवळच्या बाकावर बसले होते. हातात एक पुस्तक, बंद.

मी जवळ गेले तर काकूंनी मान वर केली. त्यांचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला. खणखणीत आवाज. "वर्गणी भरलीत का?"

मी उगाचच पर्स उघडली.

"दोन महिन्यांची थकलीय तुमची. वर्गणी भरल्याशिवाय पुस्तक मिळणार नाही." मग काकांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आणि हे एक बघा. रोज पुस्तक बदलायला येतात. वाचतात कधी, देव जाणे."

काका उठले, हातातलं पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "चांगलं होतं. दुसरं द्या." काकूंनी त्यांच्याकडे संशयाने बघितलं आणि ट्रॉलीवरचं वरचं पुस्तक दिलं. ते बागेतल्या किडींबद्दल होतं. ते घेऊन काका पुन्हा बाकावर जाऊन बसले.

मग बाहेर, दुकानांच्या पत्र्याच्या सावलीत, त्यांनी मला किल्ली दिली आणि सांगितलं. काकू डोंबिवलीला एका वाचनालयात होत्या, लग्नाआधीपासून. काका तिथे रोज पुस्तक बदलायला जायचे, न वाचता, आणि त्यातूनच लग्न झालं. इथे आल्यावर काकूंनी कधी नोकरी केली नाही. तीनेक वर्षांपूर्वी विसरायला लागल्या. आधी गॅस, मग रस्ते, मग मुलाचं नाव. एका सकाळी साडी नेसून, डबा भरून दारात उभ्या राहिल्या. ड्युटीला उशीर होतोय म्हणून रडायला लागल्या. काकांनी त्यांना गाडीत घालून इथे आणलं. त्या लायब्रेरियन मुलीने काही न विचारता खुर्ची दिली.

"म्हणजे नोकरी नाही? पगार नाही?" मी विचारलं.

"कसला पगार," काका म्हणाले. "पण संध्याकाळी शांत असते. काम करून आल्यासारखी जेवते. रविवारी लायब्ररी बंद असते ना, त्या दिवशी घरभर फिरते, मला ओळखत नाही. इथे निदान वर्गणीदार म्हणून ओळखते."

मला रडू फुटलं आणि मी चिडले. रडू आलं की मी चिडतेच. "काका, मग सांगितलं का नाहीत? लोक काय काय बोलत होते. मी बोलत होते. सांगितलं असतंत तर सगळ्यांनी फोन केले असते, पाकिटं मागवली असती."

"आणि दुसऱ्या दिवसापासून हिच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागले असते," काका म्हणाले. "सगळ्या गल्लीत ती नोकरीवाली बाई आहे. तेवढं राहू दे तिचं."

मी घरी जाऊन पाकीट उघडलं, 'हो'वर खूण केली, सही केली आणि चालत जाऊन टपालात टाकलं. निलेशला काही सांगितलं नाही. इंडियात एकेकाला फोन लावले. कारण सांगता येत नव्हतं, म्हणून नुसतीच भांडले. तिकीट अलीकडे घ्या म्हटलं. मंडळातल्यांना सांग म्हणून मंदारलाही फोन केला, तर तो हसून म्हणाला, "तूही काकांच्या पार्टीत गेलीस का? नो वरीज, मेधा, चिल." कोणी आलं नाही. का येतील? मीही आले नसते.

निकाल लागला. वाढ नामंजूर. अंतर फार नव्हतं, आमची गल्ली आणि शेजारची गल्ली घरी असती तर कदाचित, पण ते कदाचितच. कौन्सिलने पत्रक काढलं की समाजाने आपला कौल स्पष्ट दिला आहे. समाज तेव्हा पुण्यात बासुंदी खात होता. समाजाची पाकिटं फेब्रुवारीपर्यंत काकांच्या टेबलावर होती, आणि किल्ली न्यायला आलेला जो तो म्हणत होता, "अरेच्चा, तारीख गेली वाटतं." हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं तितक्या वेळा मला कोणाला तरी धरून हलवावंसं वाटलं. काका मात्र प्रत्येकाला त्याची तुळस दाखवून पाकीट हातात देत होते.

जूनअखेर लायब्ररी बंद झाली. त्या लायब्रेरियन मुलीची बदली लांबच्या शाखेत झाली. जाताना ती काकूंना भेटायला घरी आली होती, म्हणे. काकूंनी तिलाही वर्गणी विचारली.

परवाची गोष्ट. जुलैची थंडी, गवतावर दव. मी बिन बाहेर काढत होते. समोरच्या फाटकात काकू उभ्या होत्या, साडी, कार्डिगन, हातात डबा. काका दारातून घाईघाईने आले, पायात चपलाही नव्हत्या.

"अहो, आज गुरुवार," ते म्हणत होते. "गुरुवारी साप्ताहिक सुट्टी. वाचनालय बंद."

"कालही गुरुवार होता," काकू म्हणाल्या.

"काल बुधवार होता."

काकूंना ते पटलं नाही. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, मी दिसले, आणि त्या फाटक उघडून थेट रस्त्याच्या मधोमध आल्या. "अहो बाई, तुम्ही सांगा. आज वार कोणता?"

सोमवार होता. मी काकांकडे बघितलं. ते फाटकाला धरून उभे होते आणि माझ्याकडे बघत नव्हते.

"गुरुवार आहे, काकू," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. थोड्या नाराज झाल्या, पण पटलं. डबा दुसऱ्या हातात घेतला आणि काकांना म्हणाल्या, "मग उद्या लवकर निघायला हवं. सुट्टीनंतर गर्दी असते."

"हो," काका म्हणाले. "लवकर निघू."